परदेशात कापलेली पेन्शन: गोव्यात परतण्याआधी काय जमवावे, परतल्यावर काय मागावे

गेल्या चतुर्थीला डिचोलीचा एक मुलगा माझ्याकडे आला. मी म्हापशात हिशेब आणि कराची कामे करतो. चतुर्थीच्या आठवड्यात तारवटी म्हणजे जहाजांवर काम करणारे, आखातवाले आणि इंग्लंडवाले सगळेच घरी असल्यामुळे तेव्हा माझ्याकडे गणपतीवर टांगतात त्या माटोळीतल्या फळांपेक्षा जास्त कागद लटकत असतात. या मुलाने कापडाच्या दुकानाच्या पिशवीतून बेचाळीस पगारपत्रके काढली. जपानमधल्या एका कारखान्यात साडेतीन वर्षे काम केले होते. प्रत्येक पत्रकात एका ओळीवर त्याने पेनाने गोल केला होता: २१,९६० येन, ‘कोसेई नेंकिन’, म्हणजे नोकरदारांची पेन्शन.

“काका, हे परत मिळतात म्हणे?”

“मिळतात. तू जपान कधी सोडलास?”

“परवाच्या जूनला दोन वर्षे झाली.”

तेव्हा सप्टेंबर चालू होता. मुदत दोन वर्षांची असते. तीन महिन्यांनी हुकली होती.

त्याचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याच्या निमित्ताने हे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले, कारण त्याने विचारलेला प्रश्न मला वर्षाकाठी पंधरा-वीस जण विचारतात, आणि तो बहुतेक जण परत आल्यावरच विचारतात. खरे काम तिथून निघायच्या आधीचे असते.

आधी कपात कोणत्या जातीची ते ओळखा

पगारपत्रकावर कपात दिसली की आपण सरसकट ‘पीएफ कापला’ म्हणतो. परदेशात तीन वेगळे प्रकार असतात. पहिला सरकारी पेन्शनचा: पैसे तुमच्या नावाने साठत नाहीत, ‘इतके महिने भरले’ एवढी नोंद साठते. जर्मनी, जपान, पोर्तुगाल, ब्रिटनचा नॅशनल इन्शुरन्स, कॅनडा आणि अमेरिका यांची व्यवस्था अशी आहे. दुसरा प्रकार आपल्या पीएफसारख्या खऱ्याखुऱ्या खात्याचा: ऑस्ट्रेलियाचे सुपरॲन्युएशन, ब्रिटनमधली कंपनीची पेन्शन, मलेशियाचा ईपीएफ. तिसऱ्यात काहीच कापत नाहीत, निघताना एकरकमी ग्रॅच्युइटी देतात. आखात हे त्याचे उदाहरण.

पहिल्या प्रकारात ‘माझे पैसे कुठे गेले’ हा प्रश्न चुकतो. ‘माझे किती महिने झाले’ हा प्रश्न बरोबर. एवढे डोक्यात बसले की पुढचे निम्मे काम सोपे होते.

इथून पाठवलेले, की तिथे जाऊन लागलेले?

वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या एखाद्या कंपनीने तुम्हाला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवले, पगार आणि पीएफ इथलाच चालू राहिला, तर तिथली सक्तीची कपात टाळता येते. भारताचे काही देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत. बेल्जियम, जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान आणि पोर्तुगाल हे त्यातले आपल्याला लागणारे. जपानचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, पोर्तुगालचा ८ मे २०१७ पासून. अमेरिकेशी करार नाही, त्यामुळे तिथे गेलेल्याची दोन्हीकडे कपात होते.

करार असला तरी सूट आपोआप मिळत नाही. कंपनीने ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयाकडून, ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ (याची कपात भारतात चालू आहे असा दाखला) काढावे लागते. अर्ज ऑनलाइन होतो, पण तो कंपनीने करायचा असतो. विमानात बसण्यापूर्वी एचआरला एकच वाक्य विचारा: “माझे कव्हरेज सर्टिफिकेट निघाले का?” उत्तर गुळमुळीत आले तर ईमेलवर लिहून घ्या. दाखला नसेल तर तिथली कंपनी पहिल्या पगारापासून कापते, आणि नंतर परत मागताना दोन देशांच्या कार्यालयांच्या मध्ये तुम्ही सापडता.

एजंटामार्फत किंवा स्वतः मुलाखत देऊन तिथल्या मालकाकडे लागला असाल तर मात्र हा दाखला तुमच्यासाठी नाही. तिथल्या माणसासारखीच तुमचीही कपात होणार. आमच्याकडचे बहुतेक लोक याच गटातले.

जपान

नोकरदार पेन्शनचा दर १८.३ टक्के, निम्मे तुमचे आणि निम्मे मालकाचे. किमान सहा महिने भरले असतील आणि दहा वर्षे पूर्ण झाली नसतील, तर देश सोडल्यावर एकरकमी परतावा मागता येतो. अर्ज जपानमधला पत्ता संपल्यापासून दोन वर्षांच्या आत पोचला पाहिजे. आताच्या नियमाने जास्तीत जास्त साठ महिन्यांचाच हिशेब धरतात. म्हणजे सहा-सात वर्षे राहिलेल्याचे वरचे महिने परताव्यात बसत नाहीत.

डिचोलीच्या मुलाचा हिशेब मी त्याच्यासमोर कागदावर मांडला. त्याचा प्रमाणित पगार, म्हणजे ज्यावर कपात मोजतात तो, महिना २,४०,००० येन. बेचाळीस महिन्यांसाठी गुणक ३.८. म्हणजे ९,१२,००० येन. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात, १,८६,२३० येन. हातात ७,२५,७७० येन आले असते. कापलेला करही बऱ्याचदा परत मिळतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणारा कोणीतरी तुमचा ‘कर प्रतिनिधी’ म्हणून आधी नेमून त्याची कर कार्यालयात नोंद करावी लागते. त्यासाठी तिथला एखादा भरवशाचा सहकारी पुरतो. मात्र हे निघण्याआधी करा. म्हापशात बसून ते जुळवणे फार जड जाते.

निघताना नगरपालिकेत पत्ता सोडल्याची नोंद करा. पेन्शन क्रमांकाची निळी पुस्तिका, किंवा २०२२ नंतर गेला असाल तर त्याऐवजी मिळालेले क्रमांकाचे पत्र, पासपोर्टबरोबरच ठेवा. गोव्यात आल्यावर अर्जासोबत हा क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि बँक खात्याचा पुरावा जोडून जपान पेन्शन सर्व्हिसला पाठवायचे. बँक निवडताना एक काळजी घ्या: गावच्या पतसंस्थेतल्या खात्याला स्विफ्ट कोड नसतो, तिथे परदेशी रक्कम येऊच शकत नाही. खात्यावरचे नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. आमच्याकडे पासपोर्टवर आडनाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेत तिसरे असते. घरी त्याचे हसू होते, तिकडे त्यावरून अर्ज परत येतो.

जर्मनी

नर्सिंगला जाणाऱ्या मुलींसाठी हा भाग महत्त्वाचा. दर १८.६ टक्के, त्यातले ९.३ तुमच्या पगारातून. २,८०० युरो पगार असेल तर महिना २६०.४० युरो. चाळीस महिन्यांत तुमच्या वाट्याचे १०,४१६ युरो होतात.

साठ महिने पूर्ण झाले की हक्क पक्का: सदुसष्टाव्या वर्षापासून पेन्शन, गोव्यात बसून. साठ महिन्यांच्या आत परतलात तर परतावा मागता येतो, पण इथे घाई चालत नाही. सक्तीची कपात थांबून चोवीस महिने झालेले असावे लागतात आणि तुम्ही युरोपीय संघाबाहेर राहत असला पाहिजे. अर्जाचा नमुना व्ही ०९०१. मिळतो तो फक्त तुमचा हिस्सा, बिनव्याजी. मालकाचा हिस्सा तिथेच राहतो. म्हणजे जपानला दोन वर्षांच्या आत, तर जर्मनीला दोन वर्षांनंतर. लोक ही दोन्ही नेमकी उलटी लक्षात ठेवतात.

आता खास आमच्या गोव्याची गोष्ट. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढणारे घराघरांत आहेत. तो पासपोर्ट हातात आला की तुम्ही जर्मनीच्या दृष्टीने युरोपीय नागरिक. युरोपीय नागरिकाला स्वेच्छेने विमा चालू ठेवण्याचा हक्क असतो, म्हणून त्याला हा परतावा मिळत नाही. एकाच रुग्णालयात काम केलेल्या दोन मैत्रिणी, एक भारतीय पासपोर्टवर आणि दुसरी पोर्तुगीज, तर एकीला परतावा मिळतो आणि दुसरीला नकार येतो. पोर्तुगीज पासपोर्टवालीचे महिने वाया जात नाहीत, पोर्तुगालसह बाकीच्या युरोपीय देशांतल्या महिन्यांत ते मिळवता येतात. पण हातात रोकड येत नाही.

पोर्तुगाल आणि ब्रिटन

या दोघांना एकत्र घेतो, कारण आमचे लोक लिस्बनहून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेले असतात. पोर्तुगालात तुमच्या पगारातून ११ टक्के, मालकाकडून २३.७५ टक्के. वृद्धापकाळाच्या पेन्शनला पंधरा वर्षे लागतात. तुमचा अकरा अंकी सामाजिक सुरक्षा क्रमांक, त्याला तिथे ‘निस’ म्हणतात, आणि ऑनलाइन खात्यातून काढलेला पगार नोंदींचा उतारा, एवढे दोन कागद हवेत.

ब्रिटनमध्ये नॅशनल इन्शुरन्सची किमान दहा वर्षे लागतात, पूर्ण पेन्शनला पस्तीस. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती, म्हणजे दहा वर्षांवर साधारण ६५.७९ पौंड. नऊ वर्षांवर शून्य. मात्र ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही दोन्हीकडची वर्षे एकत्र धरण्याची सोय करारात राहिली आहे. पोर्तुगालात सहा आणि ब्रिटनमध्ये नऊ झाली असतील, तर दोन्हीकडची अट पूर्ण होते आणि प्रत्येक देश आपापल्या वर्षांपुरते पैसे देतो. ‘दहा झाली नाहीत, सोडून दिले’ म्हणणाऱ्या दोघांना मी याच मुद्द्यावर परत अर्ज करायला लावले आहे.

नॅशनल इन्शुरन्सचा परतावा मिळत नाही. कोणी मिळवून देतो म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. ब्रिटन सोडल्यावर परदेशात बसून स्वस्तात वर्षे भरण्याची जी वाट होती, ती एप्रिल २०२६ पासून बंद केली आहे. आणखी एक कडू गोष्ट: ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात घेतली तर ती सुरुवातीच्या आकड्यावर गोठते. दरवर्षीची वाढ मिळत नाही. पोर्तुगालात राहून घेतली तर वाढते. मडगावला परतायचे की नाही हे कोणी यावर ठरवू नये, पण वीस वर्षांत फरक मोठा पडतो, हे आधी माहीत असावे.

कंपनीची पेन्शन वेगळी. त्यात तुमचे आणि मालकाचे मिळून किमान ८ टक्के जातात आणि ते खरोखर तुमचे खाते असते. नोकरी बदलली की नवे खाते उघडते, जुने विसरले जाते. प्रत्येक पेन्शन कंपनीचे नाव आणि खाते क्रमांक डायरीत लिहा आणि पत्ता बदलला की कळवा. पंचावन्नच्या आत काढून देतो म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहा. तशी काढलेली रक्कम बेकायदा ठरून तिच्यावर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसतो.

आखात आणि जहाज

कुवेत, दुबई, कतार इथे परदेशी कामगाराच्या पगारातून पेन्शन कापत नाहीत. निघताना ग्रॅच्युइटी. यूएईत वर्षभर काम झाले की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा मूळ पगार. इथे भांडण नेहमी ‘मूळ’ या शब्दावर होते. पगार ५,००० दिरहम, त्यात मूळ ३,०००, नोकरी सात वर्षे, तर १०५ अधिक ६० असे १६५ दिवस, दिवसाला १०० दिरहम, म्हणजे १६,५०० दिरहम. लोक ५,००० वर हिशेब करून २७,५०० ची स्वप्ने पाहतात आणि मग मालकाला चोर म्हणतात. मूळ पगार किती, ते करारावर सही करतानाच पाहा. राजीनामा दिला म्हणून रक्कम कमी करण्याची यूएईतली जुनी पद्धत २०२२ पासून गेली, आणि करार संपल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. कुवेतमध्ये राजीनाम्याचा फटका अजून बसतो: तीन ते पाच वर्षांत अर्धी, पाच ते दहात दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. दोन-तीन महिन्यांसाठी दहा वर्षे हुकवणारे मी पाहिले आहेत.

बहारीनमध्ये मार्च २०२४ पासून मालकाला ही रक्कम दर महिन्याला सरकारी सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते, पहिली तीन वर्षे ४.२ टक्के, नंतर ८.४. तिथे असाल तर ती भरली जाते का ते पाहत राहा. आणि कुठल्याही आखाती देशात, ‘सर्व येणे मिळाले’ अशा अरबी कागदावर बँकेत पैसे दिसण्याआधी सही करू नका.

परदेशी झेंड्याच्या क्रूझ जहाजांवर काम करणाऱ्या तारवट्यांना सहसा कपातही नाही आणि पेन्शनही नाही. त्यांनी आणि आखातवाल्यांनी ही सोय स्वतःच करायची. अनिवासी भारतीयाला एनपीएसमध्ये, म्हणजे आपल्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, खाते उघडता येते. महिन्याला थोडे का होईना, ते स्वतःच स्वतःवर सक्ती करून भरावे.

बाकीचे थोडक्यात

ऑस्ट्रेलियात मालक पगाराव्यतिरिक्त १२ टक्के भरतो. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर व्हिसा संपून देश सोडल्यावर ते काढता येतात, बहुधा ३५ टक्के कर कापून. सहा महिन्यांत काढले नाहीत तर ते तिथल्या कर खात्याकडे जातात, पण बुडत नाहीत. कॅनडात परतावा नाही, पण थोड्या योगदानावरही साठीनंतर थोडी पेन्शन मिळते. अमेरिकेत साधारण दहा वर्षांचे चाळीस क्रेडिट लागतात, त्याआतले गेल्यात जमा. सिंगापूरमध्ये वर्क पासवर कपातच नाही. मलेशियात ऑक्टोबर २०२५ च्या पगारापासून परदेशी कामगारांचे २ टक्के आणि मालकाचे २ टक्के सक्तीचे झाले आहेत.

काढायचे की ठेवायचे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. परतावा घेतला की त्या देशातले तुमचे महिने पुसले जातात. आणि ज्या देशांशी करार आहे, तिथले महिने इथल्या ईपीएसच्या, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या, महिन्यांत मिळवता येतात. इथल्या पेन्शनला दहा वर्षे लागतात, जपानलाही दहाच.

डिचोलीच्या मुलाकडे परत येतो. जपानला जायच्या आधी त्याने एका औषध कारखान्यात पाच वर्षे काम केले होते. सोडताना कोणीतरी सांगितले म्हणून फॉर्म १०सी भरून ईपीएसचे पैसे काढले आणि त्यातून मोबाइल घेतला. ते पैसे न काढता त्याच फॉर्मवर ‘स्कीम सर्टिफिकेट’, म्हणजे झालेली वर्षे जपून ठेवणारा दाखला, मागितले असते तर पाच अधिक साडेतीन, साडेआठ वर्षे जमा असती आणि आता कुंडईला लागलेल्या नोकरीत दीड वर्षात दहा झाली असती. आता त्याला साडेसहा वर्षे लागतील. ती झाली की पासष्टाव्या वर्षापासून जपानकडून, माझ्या ढोबळ हिशेबाने आजच्या दरात, वर्षाला सव्वा लाख येनच्या आसपास मिळत राहतील. मुदतीत आला असता तर प्रश्न असा असता: सव्वासात लाख एकदम की सव्वा लाख वर्षाला? पासष्टनंतर सहा वर्षे जगला तर दुसरे फायद्याचे. पण त्याला घराचे छप्पर घालायचे होते, तर पहिले. यात शहाणपणा शिकवण्यासारखे काही नाही, फक्त दोन्ही आकडे आधी समोर असावेत.

म्हणून बाहेर जाण्याआधी इथली नोकरी सोडताना दहा वर्षे झाली नसतील तर स्कीम सर्टिफिकेट घ्या. यूएएनवरची (पीएफच्या कायम क्रमांकावरची) जन्मतारीख आणि नाव पासपोर्टप्रमाणे आत्ताच दुरुस्त करा. ऑनलाइन जमले नाही तर पणजीत पाटोवर ईपीएफओचे कार्यालय आहे, तिथे सकाळी लवकर जा.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गोव्यात नोकरी

हे फार थोड्यांना माहीत असते. पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे कार्ड) घेऊन पणजीत एखाद्या कंपनीत लागलात, तर पीएफच्या नियमांत तुम्ही ‘इंटरनॅशनल वर्कर’. १ ऑक्टोबर २००८ पासून अशा कामगाराला १५,००० रुपयांची पगारमर्यादा लागत नाही. पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के कापले जातात. शेजारच्या टेबलावरच्याचे १,८०० कापले जातात आणि तुमचे ९,६०० गेले, तर लगेच कंपनीशी भांडू नका. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आहेत, पण आपण मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो, त्यामुळे तो निकाल इथे आपोआप लागत नाही. पोर्तुगालशी करार असल्यामुळे तुम्हाला नोकरी सोडल्यावर ही रक्कम काढता येते. करार नसलेल्या देशाचा पासपोर्ट असेल तर अठ्ठावन्न वर्षांपर्यंत थांबावे लागते.

पेन्शन चालू झाल्यावर

जर्मनी आणि ब्रिटन दोघेही हयातीचा दाखला पोस्टाने मागवतात. तो भरून, साक्षांकित करून वेळेत परत पाठवला नाही तर पेन्शन थांबते. पाकीट जुन्या पत्त्यावर येते, वाड्यावरच्या कुठल्यातरी पेटीत पडून राहते आणि चार महिन्यांनी बँकेत पैसे येणे थांबल्यावर शोधाशोध सुरू होते. पत्ता लिहिताना घर क्रमांक, वाडा आणि पिनकोड रोमन लिपीत स्पष्ट लिहा, आणि पोस्टमनला एकदा घर दाखवून ठेवा. परदेशी पेन्शन क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि शेवटचे पगारपत्रक एका फाइलीत घालून ती फाइल कुठे आहे ते बायकोला किंवा नवऱ्याला सांगा, कारण विधवा-विधुर पेन्शनचा अर्ज त्याच क्रमांकावर करावा लागतो.